व्हीपीएन, पासवर्ड अ‍ॅप, सेफ मेल: विश्वास कुणावर ठेवायचा ते कसं ठरवायचं

सांगलीत दुकानांचे आणि अडत पेढ्यांचे कॉम्प्युटर बघायचं माझं काम, म्हणजे टॅली टाकणं, प्रिंटर चालू करून देणं, वायफाय नीट करणं, असलं सगळं. हल्ली कुठंही गेलो की कुणीतरी विचारतंच, "दादा, एखादं चांगलं व्हीपीएन सांगा की" किंवा "ते पासवर्ड ठेवायचं अ‍ॅप असतंय ते सेफ हाय का?" आता हे चहा संपेपर्यंत सांगून होणारं काम नाही, आणि नुसतं एक नाव सांगितलं तर लोक ते डोळे झाकून टाकतात, वर्षभरात ती कंपनी दुसऱ्याने विकत घेतली तरी यांना पत्ता नसतो. म्हणून नावं कमी आणि ओळखायचं कसं ते जास्त, असं लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की कंपनी स्वतःबद्दल काय सांगते ते बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी बघा. एक, तिच्या हातात तुमचं नेमकं काय काय जातंय. आणि दोन, आजवर कुणी ते मागायला आलं, चोरायला आलं किंवा अख्खी कंपनीच विकत घ्यायला आलं तेव्हा काय झालं. "आम्ही तुमच्या प्रायव्हसीचा आदर करतो" हे वाक्य सगळ्यांच्याच साइटवर असतंय, त्यावरून काहीच ठरत नाही.

पैसे घालण्याआधी घरचं बघा

कुठलंही अ‍ॅप विकत घ्यायच्या आधी हे लक्षात घ्या की आपला डेटा बहुतेक वेळा कुणी हॅकर लांबून ओढून नेत नाही, तो आपण स्वतःच हातात देतो. झेरॉक्सचं दुकान घ्या. काउंटरवर नंबर चिकटवलेला असतो, "प्रिंटसाठी या नंबरवर पाठवा", आपण आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, पोरीची मार्कशीट सगळं पाठवतो, प्रिंट घेतो, दहा-वीस रुपये देतो आणि निघतो. फाइल तिथंच राहते. असा एखादा कॉम्प्युटर दुरुस्तीला उघडला की डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आधारच्या पीडीएफची रांगच्या रांग दिसते, काही फाइलींच्या नावातच माणसाचं नाव आणि मोबाईल नंबर, आणि खाली स्क्रोल केलं तरी संपत नाही. दुकानदार वाईट नसतो, गिऱ्हाईक समोर उभं असताना डिलीट करत बसायला त्याला सवड कुठली. पण त्याच कॉम्प्युटरला दिवसभर येईल त्याचा पेनड्राइव्ह लागतो, अँटिव्हायरसची मुदत संपलेली असते आणि मागच्या गिऱ्हाइकाचं वॉट्सअ‍ॅप वेब तसंच चालू असतं.

आपल्याकडं २०१९ च्या आणि परत २०२१ च्या महापुरात कागदं भिजली, तेव्हापासून घरातल्या सगळ्या कागदांचे फोटो काढून वॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवायची सवय खूप जणांना लागलीय. भीती खरीच आहे, पंचनाम्याच्या वेळी कागद नसला की काय होतं ते कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको. पण घरच्या ग्रुपवर आधार टाकलं म्हणजे ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते गेलं, गॅलरीत गेलं, गॅलरीचा बॅकअप चालू असेल तर तिकडंही गेलं. त्यापेक्षा डिजिलॉकर वापरा, तिथं आधार, पॅन, लायसन्स थेट त्या त्या खात्याकडून येतं, आणि ट्रॅफिकवाल्याने अडवलं तरी डिजिलॉकरमधलं लायसन्स चालतं. जे कागद डिजिलॉकरमध्ये येत नाहीत, सातबाराचे जुने उतारे, खरेदीखत, त्यांचे स्कॅन पासवर्ड टाकलेल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर पाव्हण्यांकडं, जिथं पाणी येत नाही अशा गावात.

आधारच्या बाबतीत तीन कामं आजच होतात आणि पैसे लागत नाहीत. युआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, लॉजवर वगैरे तेच द्या. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं साल, ही पद्धत देशातल्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पासवर्ड आहे म्हणजे फाइल सेफ आहे असं समजू नका. दुसरं, जिथं नंबरच पाहिजे तिथं १६ आकडी व्हर्च्युअल आयडी चालतो का विचारा, तो पाहिजे तेव्हा बदलता येतो, आधार नंबर बदलता येत नाही. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बायोमेट्रिक लॉक करा. आधारवर पैसे काढायच्या सोयीला ओटीपी लागत नाही, नुसता अंगठा लागतो, आणि देशात काही ठिकाणी जमिनीच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, त्याची नक्कल करून लोकांच्या खात्यातून पैसे काढल्याच्या केसेस झाल्यात. आपल्या आई-वडिलांचे अंगठे किती दस्तांवर आहेत ते आठवा. लॉक केलं की रेशन दुकानात किंवा सिम घेताना अंगठा लागणार नाही, तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडायचं, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा नाहीतर म्हातारी माणसं रेशनच्या रांगेत अडकतात.

त्याचबरोबर सरकारच्या संचार साथीच्या साइटवर जाऊन तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा, एका माणसाला देशात सहसा ९ पर्यंत सिम घेता येतात त्यामुळे एखादं भलतंच निघालं तरी आपल्याला कळलेलं नसतं. तिथंच "हा माझा नंबर नाही" म्हणून कळवता येतं.

आणि एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल. लग्नाची पत्रिका, आरटीओचं चलन, किसान योजनेची यादी, असल्या नावाने वॉट्सअ‍ॅपवर जी फाइल येते आणि शेवटी डॉट एपीके असतं ती उघडायची नाही, ओळखीच्या माणसाकडून आली असली तरी नाही, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असू शकतो. ही फाइल टाकली की ती मेसेज वाचायची परवानगी मागते, म्हणजे तुमचे ओटीपी तिकडं. हे सगळं थांबवायला जगातलं कुठलंही व्हीपीएन उपयोगी पडत नाही, म्हणून ते आधी सांगितलं.

आता व्हीपीएन

व्हीपीएन चालू केलं की फोनमधून निघालेलं सगळं आधी त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून पुढं. तुम्ही कुठल्या साइटवर जाता हे जे आधी सिम कंपनीला किंवा केबलवाल्याच्या वायफायला दिसत होतं ते आता त्यांना दिसत नाही, व्हीपीएनवाल्याला दिसतं. एवढंच होतं. गूगलला लॉगिन असाल तर गूगलला सगळं कळतंच, फेसबुकलाही कळतंच. बँकेच्या साइटवर जाताना जी कुलूपबंद भाषा वापरली जाते ती व्हीपीएन नसतानाही असते. त्यामुळं घरच्या इंटरनेटवर बसून युपीआय करणाऱ्या माणसाला व्हीपीएन लागतंच असं नाही, उलट बऱ्याच बँकांची अ‍ॅप त्याला आडवी येतात. मिरजेला दवाखान्यात पेशंटबरोबर चार दिवस राहायचंय आणि तिथलं फुकट वायफाय वापरायचंय, हॉस्टेल आहे, लॉज आहे, किंवा तुम्ही काय वाचता ते नेट कंपनीला कळू नये असं वाटतं, तर घ्या, आणि व्हीपीएन वापरणं हा गुन्हा नाही, त्यावरून केलेला गुन्हा मात्र गुन्हाच राहतो.

फुकटवालं टाळा हे सगळेच सांगतात, का ते सांगतो. होला नावाचं फुकट व्हीपीएन होतं, २०१५ मध्ये उघड झालं की फुकट वापरणाऱ्यांचंच इंटरनेट कनेक्शन कंपनी दुसऱ्या धंद्यातून भाड्याने विकत होती, म्हणजे परका माणूस काय उद्योग करणार आणि पत्ता तुमच्या घरचा दिसणार. फेसबुकने २०१३ मध्ये ओनाव्हो नावाची कंपनी घेतली, तिचं व्हीपीएन "तुमचा डेटा सुरक्षित ठेवतो" म्हणून लोकांनी टाकलं आणि फेसबुक त्यातून बघत होतं की लोक इतर कुठली अ‍ॅप किती वापरतात, २०१८ मध्ये ते अ‍ॅपलच्या स्टोअरवरून गेलं आणि २०१९ मध्ये बंद झालं. २०२० मध्ये हाँगकाँगच्या काही फुकट व्हीपीएनचा साठा इंटरनेटवर उघडा सापडला, आणि हे सगळे "आम्ही काहीच नोंद ठेवत नाही" म्हणणारे होते, आत लोकांच्या नोंदीच काय पासवर्डसुद्धा होते. फुकटातलं चालेल असं एखादंच असतं, जिथं पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांवर कंपनी चालते आणि फुकट प्लॅन हा नमुना म्हणून दिलेला असतो, प्रोटॉन व्हीपीएनचं तसं आहे.

एखादं अ‍ॅप तपासायचं कसं ते फोन हातात घेऊन बघूया. प्ले स्टोअरला फ्री व्हीपीएन असं शोधा, पहिलं जे दिसेल ते उघडा पण इन्स्टॉल करू नका. नावाखाली डेव्हलपरचं नाव असतं, त्यावर बोट ठेवा, त्याची बाकीची अ‍ॅप दिसतील, तिथं टॉर्च, वॉलपेपर, फोन क्लीनर, कीबोर्ड असलीच खोगीरभरती असेल तर मागं फिरा, कारण हा माणूस प्रायव्हसीच्या धंद्यात नाही, जाहिरातीच्या धंद्यात आहे. मग खाली डेव्हलपरचा पत्ता आणि मेल बघा, पत्ताच नाही आणि मेल साधा जीमेलचा असेल तर विषय संपला. मग डेटा सेफ्टी म्हणून भाग असतो, "डेटा गोळा केला जात नाही" असं तिथं लिहिलेलं असेल तर खूश होऊ नका, ते डेव्हलपरने स्वतःच भरलेलं असतं. त्यापेक्षा प्रायव्हसी पॉलिसीची लिंक उघडा, ती कुठल्या तरी फुकटच्या पानावर उघडली, कंपनीचं नाव अ‍ॅपच्या नावाशी जुळत नाही, किंवा आत "जाहिरात पार्टनर" आणि "थर्ड पार्टी" हे शब्द सारखे सारखे येतायत तर बंद करा. शेवटी परवानग्या. व्हीपीएनला तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो, मेसेज यातलं काहीच लागत नाही. मागितलं की नको. एवढं बघायला पाच मिनिटं लागतात आणि फुकटातली बहुतेक अ‍ॅप इथंच गळतात.

पैसे देऊन घेणार असाल तर मग खरी चौकशी. सगळ्यात आधी कंपनी कुणाची आहे. हे इंटरनेटवर शोधताना "बेस्ट १० व्हीपीएन" असली पानं वर येतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. केप टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी आहे, तिचं आधीचं नाव क्रॉसरायडर, तेव्हा तिच्या सॉफ्टवेअरचा वापर जबरदस्तीच्या जाहिराती घुसवणारे लोक करत होते. या केपने सायबरघोस्ट घेतलं, प्रायव्हेट इंटरनेट अ‍ॅक्सेस घेतलं, २०२१ मध्ये एक्सप्रेसव्हीपीएन सुमारे ९३.६ कोटी डॉलरला घेतलं, आणि त्याच वर्षी व्हीपीएनची परीक्षणं लिहिणाऱ्या मोठ्या साइट चालवणारी कंपनीपण घेतली. म्हणजे माल पण त्यांचा आणि मालाला नंबर देणारा पण त्यांचाच. एवढ्यावरून ती व्हीपीएन वाईट ठरत नाहीत, पण जो माणूस त्या साइटवर वाचून पैसे भरतो त्याला हे माहीत पाहिजे. यूट्यूबवर जे सांगतात त्यांनाही बहुतेक वेळा कमिशन असतं, व्हिडिओखाली डिस्काउंट कोड दिसला की समजा.

मग ऑडिट. बाहेरच्या फर्मकडून तपासणी करून घेतलीय का, कुणी केली, कधी केली आणि कशाची केली, या तिन्ही गोष्टी बघा. नुसतं अ‍ॅप तपासलं आणि "ऑडिटेड" असं मोठ्या अक्षरात लावलं, सर्व्हरवर नोंदी ठेवतात की नाही ते तपासलंच नाही, असं चालतं. आणि रिपोर्ट पूर्ण वाचायला मिळतो का ते बघा, नुसता कौतुकाचा परिच्छेद नको.

माझ्या मते ऑडिटपेक्षाही पक्कं म्हणजे पोलिस दारात आल्यावर काय झालं. प्युअरव्हीपीएन "लॉग ठेवत नाही" म्हणत होतं, २०१७ मध्ये अमेरिकेत एका बाईचा छळ करणाऱ्याला पकडताना एफबीआयला त्यांच्याच नोंदींची मदत झाली. तो माणूस पकडला गेला ते चांगलंच झालं, त्याबद्दल वाद नाही, पण जी नोंद नाही म्हणत होते ती होती हे तर कळलं. उलट स्वीडनच्या मुल्वाडच्या ऑफिसात एप्रिल २०२३ मध्ये पोलिस वॉरंट घेऊन आले आणि कंपनीने सांगितलं त्याप्रमाणे रिकाम्या हाताने परत गेले, कारण द्यायला काही नव्हतंच. मुल्वाडला खातं काढताना ना नाव लागतं ना मेल, नुसता एक नंबर मिळतो, आणि महिन्याला सरळ ५ युरो, सेल नाही आणि ८० टक्के सूट नाही. मला हा नमुना आवडतो, कारण जे घेतलंच नाही ते हरवणार कसं. तुम्ही दुसरं काही घ्या, पण हाच प्रश्न विचारा, खातं काढताना हे माझ्याकडून काय काय मागतायत.

भारतातल्या सर्व्हरचं एक वेगळं आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला, त्याप्रमाणे व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, नंबर, आयपी (म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता) वगैरे ५ वर्षं ठेवायचं. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून नेले. आता यातल्या काही अ‍ॅपमध्ये इंडिया असं दिसतं पण मशीन असतं सिंगापूरला किंवा लंडनला, नुसता पत्ता भारताचा. एखादी कंपनी "आमचे सर्व्हर मुंबईत आहेत आणि आम्ही काहीच नोंद ठेवत नाही" अशी दोन्ही वाक्यं एका दमात बोलत असेल तर या आदेशाचं काय केलं ते तिला मेल करून विचारा, उत्तर काय येतं आणि येतं की नाही यावरून बरंच कळतं.

आणि लाइफटाइम प्लॅन घेऊ नका. सर्व्हरचा खर्च दर महिन्याला असतो, एकदाच पैसे घेणारा जन्मभर तो कुठून करणार? व्हीपीएनसिक्युअर नावाच्या सेवेचा मालक बदलला आणि २०२५ मध्ये नव्या मालकाने जुनी लाइफटाइम खाती बंद करून टाकली. महिन्याचा घ्या, पटला तर वर्षाचा, त्यापुढं नको.

कुलूप कुणाचं आणि किल्ली कुणाकडं

मेल, फाइल, पासवर्ड, बॅकअप ठेवणाऱ्या सेवांना एक वेगळी कसोटी लागते. तासगावचा माणूस बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवतो तेव्हा माल दुसऱ्याच्या इमारतीत असतो, पण समजा तिथं तुमची स्वतःची खोली आहे आणि किल्ली फक्त तुमच्या खिशात आहे, तर मालकाने दार उघडायचं म्हटलं तरी त्याला उघडता येत नाही. चांगली सेवा तशी असते, फाइल तुमच्या फोनवरच कुलूपबंद होते आणि मग त्यांच्याकडं जाते. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे "पासवर्ड विसरलो" दाबून बघा. कंपनी मेलवर लिंक पाठवून आतल्या सगळ्या जुन्या मालासकट खातं उघडून देत असेल तर किल्ली तिच्याकडंही आहे. "पासवर्ड विसरलात तर आम्हीपण काही करू शकत नाही, रिकव्हरी कोड जपून ठेवा" असं म्हणत असेल तर किल्ली तुमच्याकडं आहे, मग तो कोड कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पाणी चढणार नाही अशा उंचीवर ठेवा.

पण किल्ली तुमच्याकडं असली तरी बाहेरच्या नोंदी कंपनीकडं असतात. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन मेलने तिथल्या कायदेशीर आदेशावरून फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता नोंदवून दिला, मेलचा मजकूर मात्र त्यांनाच वाचता येत नव्हता म्हणून तो गेला नाही. मी यावरून प्रोटॉन सोडा म्हणणार नाही, कुठलीही कंपनी तिच्या देशाचा कायदा पाळणारच, पण "कुणीच शोधू शकणार नाही" असं जो म्हणतो तो खोटं बोलतोय एवढं यातून कळतं. मेसेजसाठी सिग्नल हे अ‍ॅप बघा, २०१६ मध्ये अमेरिकेत कोर्टाचा कागद आला तेव्हा त्यांच्याकडं देण्यासारखं निघालं ते खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं एवढंच. पण नातेवाईक सगळे वॉट्सअ‍ॅपवर आहेत हे मलाही माहीत आहे, तेव्हा निदान वॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन टू-स्टेप पिन लावा, बॅकअपचं एन्क्रिप्शन, म्हणजे कुलूप, चालू करा, ते २०२१ पासून आहे पण आपोआप चालू होत नाही, आणि लिंक्ड डिव्हाइस उघडून अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लगेच काढा. झेरॉक्सवाल्याचा तिथं अजून असेल.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे ते पासवर्ड ठेवायचं अ‍ॅप, टाकाच, यात मला शंका नाही. इथल्या पेढ्यांमध्ये जीएसटीचा, बँकेचा, मेलचा पासवर्ड एकच असतो आणि तो बहुतेक वेळा फर्मचं नाव आणि ४१६४१६, नाहीतर गाडीचा एमएच १० वाला नंबर. एका साइटवरून तो फुटला की तोच पुढं सगळीकडं लावून बघितला जातो. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ मध्ये चालू केलेली हॅव आय बीन पोन्ड ही साइट आहे, तिथं आपला मेल टाकला की तो कुठल्या कुठल्या फुटलेल्या डेटात आहे ते कळतं, बघून घ्या म्हणजे माझं म्हणणं पटेल. मॅनेजरमध्ये बिटवॉर्डन किंवा कीपास यांचा कोड सगळ्यांना बघायला उघडा आहे, फुकटात काम होतं. २०२२ मध्ये लास्टपास या मोठ्या कंपनीतून गिऱ्हाइकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांची प्रतच चोरीला गेली, तेव्हा ज्यांचा तिजोरी उघडायचा मुख्य पासवर्ड लांबलचक होता ते बरेचसे वाचण्यासारखे आणि ज्यांचा छोटा होता ते धोक्यात, शिवाय कुठल्या साइटची खाती आहेत ते पत्ते तर उघडेच होते. तेव्हा मुख्य पासवर्ड म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा, अभंगाची ओळ किंवा म्हण नको, ती कुणीही ओळखतो. आणि मेलला, बँकेला दुहेरी कुलूप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड, लावाच, ओटीपी मेसेजवर येण्यापेक्षा एजिससारख्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला कोड बरा.

अँटिव्हायरसवालेही याच चाळणीतून काढा. अवास्ट कंपनी लोकांच्या कॉम्प्युटरचं रक्षण करता करता ते कुठल्या साइटवर जातात ते जम्पशॉट या आपल्याच कंपनीमार्फत विकत होती, २०२० मध्ये जम्पशॉट बंद केली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. रक्षण करणाऱ्यालाच आपण सगळ्यात जास्त परवानग्या देतो, म्हणून त्याची चौकशी सगळ्यात जास्त.

"इंटरनेटवरून तुमचा डेटा पुसून देतो" म्हणणाऱ्या सेवा बहुतेक अमेरिकेतल्या डेटा विकणाऱ्या कंपन्यांसाठी बनवलेल्या आहेत, आणि नाव लावताना त्याच तुमच्याकडून नाव, नंबर, पत्ता, जन्मतारीख मागतात. आपल्याकडं त्यापेक्षा हाताने करा: ट्रूकॉलरवरचं खातं बंद करून त्यांच्या अनलिस्टच्या पानावर नंबर काढून टाका, गूगल सर्चमध्ये नंबर किंवा घरचा पत्ता दिसत असेल तर गूगलचा काढून टाकायचा फॉर्म भरा, आणि जुनी न वापरलेली खाती अ‍ॅप डिलीट करून नाही तर आत लॉगिन करून बंद करा. अ‍ॅप फोनमधून काढलं म्हणजे कंपनीकडचा डेटा गेला असं होत नाही.

कर्ज देणाऱ्या अ‍ॅपबद्दल एकच सांगतो, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्यांना तुमचे कॉन्टॅक्ट, गॅलरी, कॉल लॉग बघता येत नाही. जे मागतं ते नियम मोडतंय, तिथून कर्ज घेऊ नका.

कायदा किती मदतीला येतो

प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यात आपला डेटा काय ठेवलाय ते विचारायचा, दुरुस्त करायचा आणि पुसायला सांगायचा हक्क आहे आणि कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण बहुतेक मुख्य तरतुदी नियम आल्यापासून १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तोपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. २०११ च्या आयटी नियमांप्रमाणे कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यायला लागतो आणि महिन्याच्या आत तक्रार मिटवायची असते. भारतात धंदा करणाऱ्या कुठल्याही सेवेचं पैसे भरण्याआधी हे नाव शोधा. सापडलं नाही तर उद्या अडचण आल्यावर तुम्ही कुणाशी बोलणार?

घेतल्यावर दर वर्षी पैसे भरायच्या आधी मालक बदललाय का ते एकदा शोधा, आणि बंद करायचं ठरवलं तर आधी आपला माल बाहेर काढा, मग खातं डिलीट करा, मग युपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे उघडून ती मंजुरी रद्द करा. हे शेवटचं बरेच जण विसरतात आणि पैसे कटत राहतात.

एवढं करूनही खात्यातून पैसे गेलेच तर कुणाला काय वाटेल याचा विचार न करता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच. बँकेला पण त्याच वेळी कळवा आणि तक्रारीचा नंबर घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये आणलेल्या नियमानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा केसमध्ये ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर भार तुमच्यावर येत नाही, आणि ओटीपी तुम्ही दिलेला असला तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. मग सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर लेखी तक्रार करा, मेसेजचे स्क्रीनशॉट, व्यवहाराचा नंबर, आलेली एपीके फाइल काहीही डिलीट न करता. आणि त्यानंतर कुणी फोन करून "तुमचे गेलेले पैसे परत आणून देतो, थोडी फी भरा" म्हणाला तर तो कितीही गोड बोलू दे, त्याला एक रुपया देऊ नका, त्याचा नंबर संचार साथीवरच्या चक्षू या तक्रारीच्या भागात टाका.